नकोशा ईमेलची यथासांग बोळवण

नकोसा ईमेल, म्हणजे ज्याला सगळे स्पॅम म्हणतात तो, बोलावल्याशिवाय येतो आणि आल्याआल्या पैशांचा विषय काढतो. त्याची पहिली गाजलेली स्वारी ३ मे १९७८ ची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री विभागातले गॅरी थुअर्क यांनी नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. पत्ते इतके झाले की ठरलेल्या रकान्यात मावेनात. उरलेले मजकुरात सांडले. आर्पानेट सांभाळणाऱ्या लष्करी खात्याने लगेच कानउघाडणी केली. म्हणजे स्पॅम आणि स्पॅमची तक्रार ही जुळी भावंडे आहेत. तक्रारीने धंद्याचे मात्र काही अडले नाही. त्या पत्रामुळे यंत्रे चांगली खपली, असे थुअर्क पुढे सांगत राहिले.

बोळवण करण्याआधी आलेल्या पाहुण्याची जात ओळखावी. ढोबळमानाने जाती दोन. पहिली व्यापारी: कधीकाळी एका चपलेची ऑर्डर दिली म्हणून जन्मभर चपलांची खबरबात कळवणारी दुकाने. यांचा उपद्रव होतो, धोका नसतो. दुसरी जात फसवणाऱ्यांची. ती कधीच स्वतःच्या नावाने येत नाही. बँक, प्राप्तिकर खाते, कुरिअर, वीज कंपनी, यांपैकी कोणाचा तरी अंगरखा घालून येते.

या दुसऱ्या जातीचा अभिजात भारतीय नमुना म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे पत्र. माथ्यावर बँकेचे बोधचिन्ह, खाली गव्हर्नरांची सही, सहीवर एक गोल शिक्का आणि त्याला एकटे वाटू नये म्हणून शेजारी चौकोनी शिक्का. मजकूर असा की ब्रिटनमधल्या एका लॉटरीत, जिचे तिकीट कधी काढलेच नव्हते, काही कोटी रुपये लागले आहेत. रक्कम मुंबईत येऊन पडली आहे. ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून काही हजार भरले की खात्यात जमा होईल. ते भरले की ‘मुद्रांक शुल्क’ निघते, मग ‘विदेशी चलन परवाना’ आणि पुढे जे सुचेल ते. रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षे जाहीर सांगितले आहे की ती कोणा व्यक्तीचे खाते ठेवत नाही, लॉटरीची रक्कम वाटत नाही आणि असे ईमेल पाठवत नाही. तरीही शहीद भगतसिंग मार्गावरच्या त्या उंच इमारतीत पतधोरण बाजूला सारून गव्हर्नर कराडच्या एका निवृत्त हेडक्लार्कचा ईमेल-पत्ता टाइप करत बसले आहेत, हे चित्र अनेकांना पटते. कोटीच्या आकड्यात ती ताकद असते.

याच पत्राचा धाकटा भाऊ लॉटरीऐवजी अटक घेऊन येतो. ‘आपण इंटरनेटवर आक्षेपार्ह चित्रे पाहिल्याचे आढळले असून २४ तासांत खुलासा करावा’ असे त्यात असते, आणि एकाच कागदावर पोलीस, गुप्तचर खाते आणि गृह मंत्रालय यांची बोधचिन्हे गुण्यागोविंदाने नांदत असतात. सरकारी खात्यांतला असा समन्वय एरवी कुठे दिसत नाही, एवढ्यावरूनच पत्र खोटे हे ओळखायला हरकत नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागानेही अशी पत्रे बनावट असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे.

ओळख पटल्यावर अनेकांना उत्तर लिहिण्याची उबळ येते. सुशिक्षितांत ही उबळ दोन प्रकारची. एक, समोरच्याची गंमत करण्याची. दोन, त्याचे इंग्रजी सुधारून देण्याची. निवृत्त शिक्षकांत दुसरी विशेष बळावते. दोन्ही आवराव्यात. पत्रातले अशुद्ध इंग्रजी आणि अचाट गोष्ट हा नेहमीच अडाणीपणा नसतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एका निबंधात दाखवले की अशा पत्राचा बावळटपणा चाळणीचे काम करतो. शहाणे पहिल्याच ओळीत हसून गळतात आणि जे उरतात, त्यांच्यावरच ठगाला मेहनत घ्यावी लागते. उत्तर देणारा, मग ते चिडून दिलेले का असेना, हा पत्ता जिवंत आहे आणि त्यामागे रिकामा वेळ असलेला माणूस आहे, एवढी माहिती फुकट पुरवतो.

उत्तर द्यायचे नाही, तर करायचे काय? व्यापारी जातीला ‘अनसबस्क्राइब’ पुरते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ठोक पत्रे पाठवणाऱ्यांवर नियम घातले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रे पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या पत्रातून एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्यायला हवी आणि वाचकांच्या स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला हवे. हजारात तीन माणसे वैतागून बटण दाबतात, तेवढ्याने मोठ्या दुकानाची पत्रे अडू लागतात. मतदानाखेरीज सामान्य माणसाच्या बोटात इतकी सत्ता दुसरीकडे नाही. फसव्या पत्रातले ‘अनसबस्क्राइब’ मात्र दाबू नये. ते बाहेर नेत नाही, आत नेते. तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’ किंवा ‘रिपोर्ट फिशिंग’ दाबावे. नुसते डिलीट करणारा स्वतःपुरता सुटतो, ईमेल-सेवेची स्पॅम-चाळणी मात्र काहीच शिकत नाही. आणि स्पॅमच्या पेटीत अधूनमधून डोकावावे, कारण मुलाखतीचे बोलावणे आणि विम्याच्या हप्त्याची आठवण यांना तिथे जाऊन बसण्याची खोड असते.

ज्यांना बटण दाबून समाधान होत नाही, त्यांच्यासाठी पत्राचे हेडर आहे. जीमेलमध्ये संगणकावर तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ असते. ते दाबले की प्रेमळ पत्राच्या जागी आकड्यांचे आणि अक्षरांचे जंगल उभे राहते. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात, पाकिटावरच्या टपाली शिक्क्यांसारख्या त्या असतात आणि खालून वर वाचायच्या असतात. मात्र खालचे शिक्के ठगाला स्वतःही मारता येतात, म्हणून भरवसा आपल्या ईमेल-सेवेने मारलेल्या वरच्या शिक्क्यावर ठेवावा. पानाच्या माथ्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन परीक्षांचे निकाल असतात. नापास झालेल्यावर संशय घ्यावाच. पण पास म्हणजे सज्जन असे नाही. पत्र ज्या डोमेनचे म्हणवते तिथूनच आले, इतकेच त्यातून कळते. ठगाने बँकेच्या नावातल्या एमच्या जागी आर आणि एन ही इंग्रजी अक्षरे शेजारी बसवून नवे डोमेन विकत घेतले, तर तोही तिन्ही विषयांत उत्तीर्ण होतो. डोळ्यांना मात्र एमच दिसतो.

तक्रार करायची तर हेडरसकट मूळ ईमेल लागतो. एका मोबाइलच्या पडद्याचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला, कोपऱ्यात अंगठा आलेला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे ही तक्रार नव्हे. पत्र ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ने पाठवावे, साध्या फॉरवर्डमध्ये शिक्के गळून पडतात. ज्या बँकेचा किंवा खात्याचा अंगरखा घातला असेल, त्याने आपल्या अधिकृत संकेतस्थळावर अशा पत्रांसाठी पत्ता दिलेला असतो. प्राप्तिकर खात्याचा आहे. देशपातळीवर ही नोंद घेणारी संस्था म्हणजे सर्ट-इन. तिच्याकडून ‘कळविल्याबद्दल आभार’ यापलीकडे उत्तराची अपेक्षा ठेवू नये. १९०९ या क्रमांकावर ईमेलचे गाऱ्हाणे नेणे मात्र व्यर्थ. तो क्रमांक नकोशा कॉल आणि एसएमएससाठी आहे.

कायद्याची बाजू थोडी करुण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६-अ कलमात, त्रास देण्यासाठी किंवा कुठून आला हे लपवून पाठवलेला ईमेल, असा स्पॅमशी जुळणारा उल्लेख होता. पण ते कलम गाजले ते फेसबुकवर मत मांडणाऱ्यांवरच्या कारवायांनी. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी अख्खे कलम रद्द झाले. ते योग्यच झाले. त्यात स्पॅमवाल्यांचाही फायदा झाला, इतकेच. नुसता पीडणारा ईमेल रोखणारे नेमके कलम तेव्हापासून त्या कायद्यात नाही. तोतयेगिरी करून फसवले, तर मात्र ६६-ड आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

पैसे गेलेच असतील, तर वरचे सारे बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावावा. नातेवाइकांना कळवणे, ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करणे आणि जावयाला विचारणे ही कामे नंतर करता येतात. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाते आणि एटीएममधून बाहेर पडली की हाती लागत नाही. साखळीत असेपर्यंतच ती गोठवता येते. फोन करताना व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव हाताशी असावे. बँकेलाही त्याच दमात कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकू आल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा नम्रपणे उल्लेख करावा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते.

एवढे झाल्यावर काही दिवसांनी आणखी एक ईमेल येण्याचा संभव असतो. बुडालेले पैसे परत मिळवून देणारे ‘सायबर अधिकारी’ त्यात आस्थेने चौकशी करतात आणि फक्त प्रक्रिया शुल्क मागतात. १९३० वर किंवा राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.