घरच्या पोटऱ्या घरात

माणसाला स्वतःची पोटरी धड दिसत नाही. नाक आरशात दिसतं, पोट मान खाली घातली की दिसतं. पोटरी मात्र मागून येणाऱ्यांच्या सोयीसाठीच दिलेली असते. तेव्हा तिच्या देखणेपणावर केलेला खर्च हा निव्वळ परोपकार. तरीही आमच्या सास्तूरच्या घरात सध्या याच विषयावर अधिवेशन भरलंय.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. उंची बसते, छाती ओढूनताणून बसते. पण हाफ पँट घातली की मित्र त्याला 'बगळा' म्हणतात. पुतणीचं उलटं. ती लातूरला कॉलेजात असते आणि आपल्या पोटऱ्या तालमीत शोभतील अशा आहेत, याबद्दल तिची खात्री झालीय. एकाला वाढवून हव्यात, एकीला उतरवून. दोघांनीही मोबाइलवर ऑपरेशनं हुडकून ठेवलीत. आमच्या आईनं सुपारी कातरता कातरता दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलं, अडकित्ता मिटला आणि निकाल दिला, "हिचं काढा अन् त्याला लावा. घरचं घरातच राहील की!"

वैद्यकशास्त्र आईइतकं काटकसरी नाही. चरबी ज्याची त्यालाच लागते. स्वतःच्या पोटाची नाहीतर मांडीची चरबी ओढून काढायची, साफ करायची आणि पोटरीत सोडायची. त्यातली बरीचशी शरीर पुढच्या काही महिन्यांत जिरवून टाकतं. पुतण्याच्या अंगावर तर चिमटीत धरण्यापुरतीही नाही. मग उरलं सिलिकॉन. गुडघ्यामागच्या घडीत छेद घ्यायचा, स्नायूच्या आवरणाखाली जागा करायची आणि लांबुळका तुकडा आत सरकवायचा. नंतर पोटरीला ताण नको म्हणून काही डॉक्टर सुरुवातीला उंच टाचांच्या चपला घालायला सांगतात. पळणं तर कित्येक आठवडे बंद. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळायचंय, आणि उमेदवार उंच टाचांवर उभा! बरं, तिथं छाती ७९ सेंटिमीटर लागते, वर पाच फुगवून दाखवावी लागते. पोटरीला टेप लावायचं शासनाला अजून सुचलेलं नाही.

पुतणीचा मार्गही सरळ नाही. बोटॉक्सची सुई टोचली की स्नायू सुस्तावतो आणि काम नसल्यामुळे रोडावतो. पण काही महिन्यांनी तो शुद्धीवर येतो, की पुन्हा सुई, पुन्हा बिल. दुसरा उपाय कायमचा म्हणून सांगतात: पोटरीच्या स्नायूकडे जाणारी नसच तोडायची. दक्षिण कोरियात पोटऱ्या बारीक करून घ्यायचं बरंच वेड आहे. आईनं हे ऐकून सुपारीची खांडं डब्यात टाकली. "चांगली चालती नस तोडायला पैशे देतेत?"

आईचं चुकत नाही. पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम हीच पोटरी करते. शिवाय सास्तुरात पायाचं ऑपरेशन म्हटलं की जुन्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसांना चालता यावं, एवढंच तेव्हा मागणं होतं. सिलिकॉनच्या पोटरीमागचं मागणंही मुळात तसलंच: तिचे पहिले अहवाल १९७९चे, तेही पोलिओसारख्या आजारानं वाळलेल्या पायांसाठीचे. असा पाय वाळलेल्या माणसानं दोन्ही पाय सारखे करून मागितले तर त्यात हसण्यासारखं काहीच नाही. हसू येतं ते धडधाकट पायांच्या तक्रारींचं.

ही तक्रारही जुनीच. जॉन व्हॅनब्रूच्या 'द रिलॅप्स' या १६९६च्या इंग्रजी नाटकातला नटवा लॉर्ड फॉपिंग्टन मोजेवाल्यावर उखडतो, कारण पोटरीपाशी मोजे फार जाड झालेत आणि त्यात आपले पाय हमालासारखे दिसतात. गोम इथंच आहे. पोटरी भरलेली हवी, पण ती ओझी उचलून भरलीय असं कुणाला वाटता कामा नये. कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या मागून चालून बघा. नऊवारीच्या काष्ट्याखाली धुळीनं पांढरट झालेल्या, शिरा तटतटलेल्या पोटऱ्या पुढं चाललेल्या असतात. मापाबिपाची चौकशी कुणी करत नाही. देवीच्या नावानं जोगवा मागायचा आणि पाय उचलायचा.

दोन्ही ऑपरेशनं तशी गावात कधीच आलीत. वाढवायची असेल तर तालमीतल्या बैठका आहेत आणि उन्हाळी नांगरटीतली ढेकळं आहेत. उतरवायची असेल तर मोटारसायकल. कोपऱ्यावरच्या टपरीवर पुडी आणायलाही जो किक मारतो, त्याची पोटरी सुईशिवाय रोडावते, आणि हे ऑपरेशन हप्त्यावर मिळतं. पुतणीला मी तेच सुचवलं. पण गाडीची चावी पुतण्याकडे असते. पोटऱ्या भराव्यात म्हणून तो रोज पहाटे पळायला जातो; मैदान लांब पडतं, म्हणून गाडीवर.