बसल्या जागी बेसबॉल

रेडमंड, वॉशिंग्टन राज्य
दि. 10 जानेवारी 2009

तीर्थरूप दादांचे सेवेशी,

धाकट्या बंधूचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील सर्व मंडळी ईश्वरकृपेने सुखरूप असून तिकडील क्षेमकुशल वरचेवर कळवीत जावे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीबाबत तुम्ही जे लिहिले आहे, त्याचे उत्तर स्वतंत्र कागदावर देईन. कारण तो मजकूर गंभीर आहे आणि हा नाही.

गेल्या महिन्याच्या मध्यापासून नाताळपर्यंत इकडे असा हिमवर्षाव झाला की, हिवाळा भुरभुर पावसात काढण्यास सरावलेली ही सिएटलकडची मंडळीदेखील पार हबकून गेली. रस्त्यावर मीठ टाकले असता बर्फ वितळतो, हे कोणीही सांगेल. परंतु ते मीठ वाहत जाऊन पुढे प्युजेट साउंडच्या पाण्यात उतरेल व जलचरांस उपद्रव होईल, या विचाराने सिएटल शहराच्या कारभाऱ्यांनी ते वर्ज्य केले होते. हेतू सात्त्विक खरा. पण उतारावरून घसरत आलेल्या दोन बसगाड्या कठडा मोडून खालच्या हमरस्त्यावर निम्म्या लोंबकळत राहिल्या, आणि पुढे लोकांची ओरड इतकी झाली की अखेर नगराध्यक्षांना ते धोरण गुंडाळावे लागले. या सर्व काळात आम्ही घरात कोंडलेले. चिरंजीव कचेरीचे काम घरूनच करीत, सूनबाई त्यांच्यावर नजर ठेवीत, आणि मी व सौ. समोरच्या देवदारांवरील बर्फ पाहून पाहून कंटाळून गेल्यावर, नातवाने आपले ते खेळाचे यंत्र आम्हा उभयतांपुढे मांडले.

यंत्राचे नाव वी. इकडे ते 2006 च्या नोव्हेंबरात निघाले आणि किंमत अडीचशे डॉलर, म्हणजे आपले सुमारे 12 हजार रुपये. त्यासोबत पाच खेळांची एक तबकडी फुकट मिळते. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व मुष्टियुद्ध. आमच्या घरी बहुमताने बेसबॉल मंजूर झाला, कारण आपल्या क्रिकेटला तोच त्यातल्या त्यात जवळचा. हे यंत्र काढणारी निन्टेन्डो कंपनी मूळची जपानातील क्योटोची. 1889 साली ती निघाली ती फुलांची चित्रे असलेले पत्ते करण्यासाठी. तिची अमेरिकेतील मुख्य कचेरी याच रेडमंड गावात आहे. शिवाय सिएटलचा जो मरिनर्स नावाचा धंदेवाईक बेसबॉल संघ, तो 1992 साली गाव सोडून जाण्याच्या बेतात असताना याच कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी पैसा घालून राखला. मात्र मैदानावर जाऊन त्याचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नाही. ज्याने कूळकायद्याची दप्तरे वर्षानुवर्षे वाहिली, त्या माझ्यासारख्यास गैरहजर मालक ही जात नवी नाही. परंतु क्योटोत बसून सिएटलची खेळी कसणारा मालक माझ्याही पाहण्यात आला नव्हता. पीकपाणी म्हणाल तर यथातथाच. ज्याने 2004 साली एकाच हंगामात 262 यशस्वी फटके मारून चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला, तो इचिरो सुझुकी अजून पदरी असूनही, गेल्या वर्षी 162 पैकी 101 सामने संघाने गमावले.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. दूरदर्शन संचाजवळ एक अरुंद पट्टी ठेवतात आणि हातात एक पांढरा लांबट ठोकळा धरतात. पट्टी सर्व पाहत असावी अशी माझी समजूत होती. चिरंजीवांनी सांगितले की ती काहीच पाहत नाही, तिच्या दोन टोकांना डोळ्यांस न दिसणारे दिवे मात्र आहेत. पाहण्याचे आणि जाणण्याचे काम सगळे ठोकळ्याचे. त्याच्या पोटात त्वरण मोजणारा एक सूक्ष्म तुकडा बसविला असून ठोकळ्यास कोणत्या दिशेने किती हिसका बसला एवढेच तो यंत्रास कळवितो. सामना तीन डावांचा. धावणे, अडविणे व झेलणे ही शरीरास त्रास देणारी खाती यंत्राने स्वतःकडे ठेवली असून, चेंडू टाकणे आणि तो टोलविणे ही दोनच खाती माणसाकडे सोपविली आहेत.

तुमच्या हाताखाली फलंदाजी शिकलेल्या माणसाने जे करावयाचे ते मी केले. पाय जुळविले, डावे कोपर उचलले, ठोकळा उभा धरला, समोर कोणी पंच नसताही मधल्या यष्टीचा अंदाज मागितला, आणि पहिला चेंडू येताच एक पाऊल पुढे टाकून तो शांतपणे रोखला. यंत्राने तो चुकला असे जाहीर केले. दुसरा रोखला, तोही चुकला. तिसऱ्यास मी बाद. शांतपणे रोखण्यात हिसका नसतो, आणि ज्यात हिसका नाही ते यंत्राच्या दप्तरी घडलेलेच नसते! पुढच्या खेपेस मी, विजय मर्चंट यांच्या ज्या लेट कटाच्या वर्णनांवर आपण उभयता लहानाचे मोठे झालो, तो मारण्याचे योजिले. चेंडू पार अंगाजवळ येऊ दिला, मनगट वळविले, चेंडू तिरकस मागे गेला आणि पडद्यावर ‘फाउल’ अशी अक्षरे उमटली. बेसबॉलचे मैदान नव्वद अंशांच्या कोनात सामावलेले असते आणि फलंदाजाच्या पाठीमागचा सगळा मुलूख बेकायदा असतो. ज्या खेळात यष्टीमागच्या बाजूस धावच नाही, त्या खेळाच्या संस्कृतीविषयी माझे मत मी नातवाजवळ स्पष्ट शब्दांत मांडले. त्याने ते मराठीत ऐकून घेऊन इंग्रजीत दुर्लक्षिले.

सौ. तेव्हा आरामखुर्चीत बसून मांडीवरची मेथीची जुडी निवडीत होती. तिने आयुष्यात बॅट कधी हातात धरलेली नाही, हे तुम्ही जाणताच. नातवाने आग्रह केला म्हणून उजव्या हातात ठोकळा घेतला, डाव्या हाताने काड्या बाजूला करणे चालूच ठेवले, आणि चेंडू येताच मनगटास जरासा झटका दिला. चेंडू पडद्यावरील प्रेक्षागृह ओलांडून पलीकडे गेला. नातू नाचू लागला, सौ.ने विचारले, “झालं का?” मी तिला भूमिकेचे, म्हणजे पायांच्या ठेवणीचे, महत्त्व समजावू लागताच ती म्हणाली, “अहो, तुम्ही त्या चेंडूला नमस्कार कसले घालताय? आला की हलवावा हात!” मग चेंडू टाकण्याची पाळी. ठोकळ्यावर वर एक व खाली एक अशी बटणे आहेत. एक दाबून फेकले तर चेंडू एका अंगाला वळतो, दुसरे दाबले तर दुसऱ्या अंगाला, आणि दोन्ही दाबली तर फलंदाजापुढे येऊन खाली बुडी मारतो. सौ.ने ही तीनही कलमे पाठ केली. तिच्या मनगटाच्या त्या क्षुल्लक झटक्याने पडद्यावर ताशी 90 मैलांच्या घरातील वेग उमटू लागला आणि मी, खांद्यापासून हात फिरवून, 60 च्या आसपास रेंगाळत राहिलो.

दादा, मी यावर पुष्कळ विचार केला. तहसील कचेरीत अर्जाखाली अंगठा उमटला आहे की नाही एवढेच पाहायचे असे. अर्जदार उभा आहे, बसला आहे, रडतो आहे, की त्याची केस खरोखर न्याय्य आहे, याच्याशी अंगठ्यास कर्तव्य नसे. हे यंत्रही तसेच अंगठेबहाद्दरांचे मायबाप आहे. माझे पाय, माझे कोपर, तुम्ही घाटावरच्या मैदानात छडी घेऊन माझ्याकडून गिरवून घेतलेला तो सरळ पट्टा, यांतील एकही पुरावा त्याच्यापुढे दाखल होऊ शकत नाही. ते मनगटाच्या हिसक्याची साक्ष घेते आणि निकाल देते.

अर्थात फिर्यादी मी एकटाच नव्हे. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात. ते बर्फ ओढण्याचे फावडे मागावयास आले आणि पोहे खाऊन खेळावयास थांबले. शाळेत असताना ते स्वतः पिचर होते. चेंडू टाकणारा आणि टोलविणारा यांच्यात 60 फूट 6 इंच अंतर असते हे त्यांनी सांगताच आमचे 22 यार्ड म्हणजे 66 फूट होतात हे मी त्यांच्या निदर्शनास आणले, आणि त्या साडेपाच फुटांवर आमचा बराच वेळ सौजन्यपूर्वक वाद झाला. मग ते उठले, दोन्ही हात छातीशी जोडले, डावा गुडघा पोटापर्यंत उचलला आणि तो खाली आणताना पोह्यांच्या बशीसकट तिपाई लवंडली. ठोकळा मात्र हातून सुटला नाही, कारण त्याची दोरी मनगटात अडकविलेली असते. आरंभी लोक भरात ठोकळाच पडद्यावर भिरकावू लागले होते, म्हणून पहिल्याच डिसेंबरात कंपनीने जुन्या दोऱ्यांच्या जागी अधिक जाड दोऱ्या देऊ केल्या, असे चिरंजीव सांगतात. शेजारीबुवांचा शास्त्रोक्त चेंडूही 60 च्या आसपासच पडला, तेव्हा मला त्यांच्याविषयी खरा बंधुभाव वाटला. गेल्या नोव्हेंबरात आपल्या उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोघा भालाफेक करणाऱ्या तरुणांना पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाने करारबद्ध केल्याचे त्यांनी वाचले होते. वर्षभरापूर्वी या मुलांना बेसबॉल म्हणजे काय हे ठाऊकही नव्हते, आणि त्यांतील रिंकूने ताशी 87 मैलांचा चेंडू टाकून निवडस्पर्धा जिंकली. गृहस्थांनी कौतुकाने तो आकडा सांगितला, सौ.कडे पाहिले, आणि पिट्सबर्गला पत्र घालावे असे सुचविले.

आता तुमच्याविषयी. या यंत्रात प्रत्येकाची एक लहान मूर्ती घडविता येते. भुवया, मिशा, चष्मा, नाकाची लांबी हे सर्व निवडता येते. हात मात्र नाहीत, हातांच्या जागी नुसते गोळे तरंगतात. संघातील रिकाम्या जागा यंत्र अशा घडविलेल्या मूर्तींतून भरते, म्हणून नातवाने अख्खे घराणे घडविले, आणि माझ्या संघात तुम्ही तिसऱ्या बेसवर उभे असता. सांगण्यास जड जाते, परंतु काल तुमच्या दिशेने आलेला एक सरळसोट चेंडू तुमच्या गोळ्यांतून निसटला, त्यावर दोन धावा गेल्या, आणि सौ.ने सामना जिंकला. ज्या बंधूने मला झेल सोडल्याबद्दल उपाशी ठेवले होते, तो हाच काय, असे मी मनात म्हटले. मोठ्याने म्हटले नाही.

आणखी एक जाच आहे. एका बाजूने पाच धावांची आघाडी घेतली की यंत्र कनवाळूपणे सामना थांबविते. याला इकडे दयेचा नियम म्हणतात. मला हे अवगत झाले तेव्हा 1948 चा डिसेंबर आठवला. पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ धावा कमी, आणि उपाहाराच्या वेळी प्रतिपक्षाच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. तुम्ही पुण्याहून परत आल्यावर आईजवळ, जेवायला बसण्यापूर्वीच, काठियावाडच्या सर्व संस्थानांचा जो उद्धार केला तो मला अजून तोंडपाठ आहे. त्या दिवशी दया मागणाऱ्याने निदान स्वतःच्या तोंडाने मागितली होती. येथे हरणाऱ्यास कोणी विचारीतही नाही. मला मागे पडूनही उरलेले डाव खेळावयाचे असतात, आणि पडद्यावर वाद्ये वाजू लागतात.

वयाचा प्रकार तर याहून बिकट. दिवसातून एकदा तीन कसोट्या घेऊन हे यंत्र माणसाचे शारीरिक वय ठरविते; 20 हे उत्तम आणि 80 ही शेवटची हद्द. सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलून घेण्यासाठी लोकांनी अर्जामागून अर्ज केलेले मी पाहिले आहेत, त्यावर मी स्वतः प्रतिकूल शेरे मारलेले आहेत. आणि येथे कसलाही दाखला न मागता माझे बहात्तरचे 78 झाले आणि सौ.चे सदुसष्टचे 43. त्या दिवसापासून ती मला ‘जरा जपून हं’ असे म्हणते.

खांदा दुखतो आहे. सूनबाईंनी शोधून काढले की 2007 साली एका स्पॅनिश डॉक्टराने याच यंत्रावर तासनतास टेनिस खेळून स्वतःचा खांदा धरविला आणि त्या दुखण्याची हकीकत एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणली. उपाय म्हणून आठवडाभर वेदनाशामक गोळ्या व यंत्रापासून संपूर्ण विरक्ती. गोळ्या चालू आहेत. चिरंजीव म्हणतात की यंदा ठोकळ्यास लावावयाचा एक नवा जोड निघणार असून त्यामुळे मनगट कसे वळले याचीही बारीक नोंद होईल. म्हणजे अंगठा जाऊन सही तपासण्याचा जमाना येतो आहे, असे मी समजतो, आणि तोवर लेट कट राखून ठेवला आहे.

चौदा तारखेला संक्रांत. हरलेल्या पक्षाने तीळ भाजावयाचे असा ठराव घरात मंजूर झाला असून कढई तापल्याची हाक आली आहे. म्हणून येथेच आवरते घेतो. सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तुमच्या मिशा हल्ली ठेविल्या आहेत की काढल्या, हे उलट टपाली अवश्य कळवावे. नातवाने जुन्या छायाचित्रावरून ठेविल्या आहेत. आणि चष्मा लावल्यास तुमचे क्षेत्ररक्षण सुधारेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.