वैमानिकांचा संप : पूर्णगडकरांसाठी पहिलं पुस्तक

पूर्णगडात विमानतळ नाही, म्हणून या मार्गदर्शिकेची इथे गरज नाही असं कोणी समजू नये. मुचकुंदी नदीच्या मुखाशी एवढासा किल्ला बांधणाऱ्यांनीही आधी गरज सिद्ध केली नव्हती. शिवाय रत्नागिरीला धावपट्टी आहे, ती वर्षानुवर्षं तटरक्षक दलाकडे आहे, आणि प्रवासी विमानाची वाट पाहण्याचा आपला सराव दांडगा आहे. विमान आलं की पाठोपाठ वैमानिक येणार, वैमानिक आले की त्यांचा पगार येणार, आणि पगार आला की संप काही फार लांब नसतो. तयारीत असलेलं बरं.

आधी वैमानिक व्हा

बारावीला फिजिक्स आणि गणित घ्या. मग गोंदियाला किंवा जिथे कर्ज मिळेल तिथे जाऊन २०० तास उडा, परवाना मिळवा. त्यानंतर ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि त्याचे वेगळे पैसे. आंब्याची कलमं गहाण पडतील, पडू द्या. मग नोकरी शोधा. ही पायरी गाळून चालणार नाही, कारण नोकरी नसलेल्या माणसाने संप केला तर घरच्यांनाही पत्ता लागत नाही.

नोकरी लागल्यावर ती सोडता येईल का, हेही बघून ठेवा. २०१७ पासूनच्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. इतक्या दिवसांत माणूस का सोडून चालला होता तेच विसरतो. वैमानिक राजीनाम्याऐवजी संपाकडे का वळतो याचं थोडं उत्तर इथे आहे.

पगार समजून घ्या

इथे नवशिके गडबडतात. वैमानिकाचा पगार म्हणजे एक रक्कम नव्हे. थोडा भाग ठरलेला, बाकीचा उड्डाणाच्या तासांवर. आपल्या खाडीतल्या ट्रॉलरवरच्या तांडेलाला हे चटकन समजेल, कारण त्याचाही वाटा मासळीवर असतो. फरक एवढाच की विमान कंपनी काही तासांची हमी देते: उडा किंवा न उडा, इतक्या तासांचे पैसे तुमचे. 'विस्तारा' या विमान कंपनीत ही हमी ७० तासांची होती. एअर इंडियात विलीन होण्याच्या तयारीत २०२४ साली नवा करार पुढे आला आणि त्यात ७० चे ४० झाले. एप्रिलच्या सुरुवातीला विस्ताराचे वैमानिक मोठ्या संख्येने आजारी पडले, आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली.

हे एखाद्या तांडेलाला सांगून बघा. तो विचारेल, "म्हणजे समुद्रात नाही गेलात तरी ४० तासांचे पैसे? आणि वर तक्रार?" त्याला शांतपणे सांगा की मामा, कर्जाचा हप्ता ७० तासांच्या हिशोबाने काढला होता. हप्ता म्हटल्यावर तांडेल गप्प बसतो. हप्त्याची भाषा किनाऱ्यावर सगळ्यांना येते.

कारण शोधा, म्हणजे विलीनीकरण शोधा

पगार कमी आहे, हे संपाचं कारण म्हणून कच्चं आहे. शेजारच्याला जास्त मिळतो, हे पक्कं. आणि दोन वेगवेगळ्या पगारांची माणसं शेजारी आणून बसवायची तर कंपन्या एकत्र करण्यासारखा उपाय नाही.

अभ्यासासाठी उत्तम उदाहरण एअर इंडियाचं. २००७ साली इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन झाली. कागदावर कंपनी एक झाली; वैमानिकांच्या संघटना दोन राहिल्या आणि पगाराची कोष्टकंही दोन. एप्रिल २०११ च्या अखेरीस मूळच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी, म्हणजे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने, समान पगारासाठी संप केला. दहा दिवस चालला. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली, कार्यालयांना सील ठोकलं, दिल्ली उच्च न्यायालयात अवमानाचं प्रकरण उभं राहिलं. शेवटी समझोता झाला, मान्यता परत मिळाली, पगाराचा प्रश्न न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेला.

वर्षभराने पारडं फिरलं. मे २०१२ मध्ये दुसरी संघटना, मूळच्या एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड, संपावर गेली. कारण? नव्या बोइंग ड्रीमलायनरचं प्रशिक्षण 'त्यांनाही', म्हणजे इंडियन एअरलाइन्सवाल्यांनाही, देणार म्हणून. आदल्या वर्षी एका बाजूची तक्रार होती की आम्हाला तुमच्याइतकं का नाही. आता दुसऱ्या बाजूची तक्रार झाली की तुम्हाला आमच्याइतकं का. एकाच विलीनीकरणातून दोन्ही बाजूंचे संप निघाले, आणि हे करून दाखवायला साधारण सरकार पुरत नाही, चांगलं कसलेलं लागतं.

आता आपल्या गावाकडे या. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गात चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं. कोकणच्या आकाशाला दार उघडल्याची भाषणं झाली. महिना संपण्याआधी एसटीचा संप सुरू झाला आणि कोकणची जमीन बंद पडली. पावस-रत्नागिरी करणारी मुलं, बाजारला जाणाऱ्या मासळीवाल्या बायका, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे खासगी गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघत उभे. एसटीवाल्यांची मागणी होती राज्य शासनात विलीनीकरण करा. वैमानिक भांडले विलीन केलं म्हणून, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर भांडले विलीन करत नाहीत म्हणून. नवशिक्याने गोंधळून जाऊ नये. दोघांची मागणी एकच: शेजारच्याइतका पगार, आणि तो वेळेवर.

आजारी पडा

वैमानिक सहसा 'संप' करत नाहीत, आजारी पडतात. दरवर्षी डॉक्टरकडून क्लास वन दाखला घेणारी ही देशातली सर्वांत जास्त तपासलेली माणसं. पण ती एकदम कोसळतात. ८ सप्टेंबर २००९ ला जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच दिवशी आजारी पडले. त्यांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना काढली होती आणि कंपनीने दोघांना नोकरीवरून काढलं होतं. पाच दिवसांनी काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं आणि सगळ्यांचा ताप उतरला. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एअर इंडियाचे एक्झिक्युटिव्ह वैमानिक प्रोत्साहन भत्त्यातल्या कपातीमुळे अंथरुणाला खिळले. त्या सप्टेंबरला साथ होती, इतकंच म्हणता येईल.

हा उपाय आता जपून वापरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार निम्मे किंवा त्याहून जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तो संपच. तेव्हा नव्या वैमानिकांनी रजेचा अर्ज लिहिण्याआधी टक्केवारी काढावी. बारावीचं गणित शेवटी उपयोगी पडतं. एकोणपन्नास टक्क्यांना ताप यावा आणि बाकीच्यांनी नुसतं खोकावं.

संहितेप्रमाणे उघड संप करायचा तर निदान चौदा दिवस आधी नोटीस द्या. चौदा दिवसांत प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे जातं. समेटाची कार्यवाही चालू असताना संप बेकायदा. बेकायदा संपावर कोर्ट. कोर्टाने परत या म्हटलं की परत या. ही शिडी तोंडपाठ करा, वरपासून खालपर्यंत.

किती दिवस?

जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर आपल्याकडे मासेमारी बंद असते. ६१ दिवस. २०१२ चा ड्रीमलायनरचा संप चालला ५८ दिवस. फरक असा की बंदी कधी उठणार हे खलाशाला आधीपासून माहीत असतं. वैमानिकांना नव्हतं. त्यातल्या शंभरेक जणांना बडतर्फ केलं, इंडियन पायलट्स गिल्डची मान्यता गेली, मंत्री अजित सिंग हलले नाहीत, आणि जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून मंडळी कामावर परतली. हाती काय आलं? बडतर्फांचा सहानुभूतीने विचार करू, हे आश्वासन. एसटीवाले सहा महिन्यांच्या आसपास बसले आणि एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मुदतीत परतले. त्यांना निदान अडीच ते पाच हजारांची वाढ मिळाली होती. विलीनीकरण मात्र मिळालं नाही.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर ऑस्ट्रेलियाचं घ्या आणि वाचून ठेवून द्या. १९८९ साली तिथल्या वैमानिकांनी २९.४७ टक्के वाढ मागितली, नऊ ते पाचच उडू म्हणाले, मग कंपन्यांचे दावे टाळायला घाऊक राजीनामे दिले. सरकारने प्रवासी न्यायला हवाई दलाची विमानं काढली. राजीनामे मात्र खरे ठरले.

कंपनीकडे पैसे आहेत का ते बघा

सगळ्यात शेवटी सांगतोय, पण खरं तर सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. २०१९ साली जेट एअरवेजने वैमानिकांचे पगार थकवले. नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने १ एप्रिलपासून उडणार नाही म्हणून जाहीर केलं, मग ते १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकललं, मग कंपनीला बँकांकडून काही मिळेल या आशेने पुन्हा ढकललं. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं आणि कंपनीच थांबली. अकराशेच्या आसपास वैमानिकांच्या संघटनेला संप करायला मालक उरला नाही. अंधेरीच्या कार्यालयासमोर फलक घेऊन उभे राहिलेले हेच लोक दहा वर्षांपूर्वी पाच दिवसांत जिंकले होते. वैमानिकाच्या गलेलठ्ठ पगारावर नाक मुरडणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. थकलेला पगार मोठा असला म्हणून हप्ता माफ होत नाही.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर संप न करताच विमानं थांबली. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती द्यायची, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणायची, असा नियम लागू झाला होता. तो बरेच महिने आधी माहीत होता. इंडिगोकडे तेवढे वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणं रद्द झाली, प्रवासी आपापल्या बॅगांवर झोपले, आणि सरकारने नियमच काही काळ सैल केला. म्हणजे झोपायचं होतं वैमानिकांनी आणि झोपले प्रवासी. त्यात वैमानिक ठरवून आजारी पडला नव्हता. उलट तो बरा राहावा म्हणूनच तो नियम होता. वैमानिकांच्या मागण्यांतली सर्वांत वाजवी मागणी ही झोपेची, आणि मला वाटतं तिच्यासाठी संप झाला तर पूर्णगडातून पाठिंब्याचा ठराव जायला हरकत नाही.

तोवर मुंबईला जायचं असेल तर कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते करून ठेवा.