जर्मनीवाल्याची दिवाळी

अंबाजोगाईतला एखादा पोरगा पुण्याला शिकायला गेला, तर गल्ली त्याला नावानंच ओळखते. जर्मनीला गेला की नाव गळून पडतं. तो ‘जर्मनीवाला’ होतो, त्याची आई ‘जर्मनीवाल्याची आई’, आणि तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला मी ‘जर्मनीवाल्याचा मामा’. आधीच सांगून टाकतो, इथं येतोय तो जर्मनीवाला म्हणजे तीन-चार भाच्यांचा काला आहे. परळी, केज, धारूर, कुठंही जा, हल्ली एखादा सापडतोच. फोटो मात्र एकाचाच आहे. त्या फोटोकडं येतो.

हा प्राणी ओळखावा तो दिवाळीत. घरी होता तेव्हा नरकचतुर्दशीला आईनं पाच हाका मारायच्या, बापानं पांघरूण ओढायचं, आणि यानं उन्हं अंगणात आल्यावर डोळे चोळत विचारायचं, “उटणं लावलंच पाहिजे का?” आकाशकंदील टांगायला शिडी धर म्हटलं की याचा पाय मुरगळलेला. चकलीच्या सोऱ्याला त्यानं आयुष्यात एकदाच हात लावला, तोही क्रिकेटचा स्टंप म्हणून उभा करायला.

तोच पोरगा जर्मनीत आखेनला गेला आणि वर्षभरात धर्मशास्त्र कोळून प्यायला. ज्याला एकादशी फक्त साबुदाण्याच्या वासावरून कळायची, तो २०२४ साली फोन करून मला विचारतो, “मामा, लक्ष्मीपूजन एकतीसला का एकला? पंचांग बघितलं का?” त्या वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागून आली होती आणि निम्मा देश गोंधळात होता. आपल्याकडच्या पंचांगांनी १ नोव्हेंबर, शुक्रवार दिला होता. मी ते बघून सांगेपर्यंत यानं मलाच प्रदोषकाळ समजावून दिला.

मैदा आणि रवा हे दोन वेगळे जिन्नस आहेत, हा शोधही त्याला तिकडंच लागला. तिथं मैद्याच्या पुड्यावर ४०५ असा आकडा असतो, कणकेच्या जवळपास जाणाऱ्या पिठावर १०५०. “मम्मी, करंजीला चारशेपाच घेत जा,” असं तो ताईला फोनवर सांगतो. ताई करंज्या करतेय त्याला चाळीस वर्षं झाली. ती पदरानं तोंड झाकून हसते आणि शेजारणीला सांगते, “लेकरू लई शिकायलंय.”

वसुबारसेला त्याला शेणाच्या गवळणी आठवल्या. इथं असताना शेणाच्या पाटीवरून उडी मारून जायचा. आता म्हणाला, “मम्मी, इथं बागकामाच्या दुकानात गाईचं शेण वाळवून, गोळ्या करून, पिशवीत विकत मिळतं.” पलीकडं बाजेवर बसलेल्या त्याच्या आजीनं कानावरचा पदर मागं केला. “इकत?” एवढंच म्हणाली. दिवसभर ती जो येईल त्याला हे सांगत होती.

आता अभ्यंगस्नान. २७ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं तासभर मागं गेली आणि आपला-त्यांचा फरक साडेचार तासांवर आला. म्हणजे इथं पहाटेचे साडेचार, तेव्हा तिथं रात्रीचे बारा. ताईनं व्हिडिओ कॉल लावला, “ऊठ, तेल लाव.” उठतो कसला, तो अजून झोपलाच नव्हता. पण तिथं रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा दंडक. मग या पठ्ठ्यानं खोबरेल चोपडून, शॉवरची धार करंगळीएवढी ठेवून, दातावर दात वाजवत, चोरासारखी अंघोळ उरकली. सकाळी शेजारच्या खोलीतल्या जर्मन पोरीनं काळजीनं विचारलं, रात्री तब्येत बरी नव्हती का? त्यानं तिला नरकासुर सांगितला. त्या दिवशी त्यांचा भुताखेतांचा हॅलोविन होता, त्यामुळे तिला सगळं लगेच पटलं.

मुहूर्त साधला याचं मात्र ताईला फार कौतुक. आणि असणारच, अंबाजोगाईच्या माणसानं मुहूर्त साधणं ही साधी गोष्ट नाही. आमची योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, मुहूर्त टळला आणि देवी इथंच राहिली. वऱ्हाडाचे दगड झाले म्हणतात.

फटाक्यांची हौस भागली नाही. तिथं ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतात. चकली मात्र झाली. तेल तापलं, धूर झाला आणि छताला चिकटलेला पांढरा डबा असा कोकलायला लागला की अख्खी इमारत जिन्यात. लातूरचा एक मित्र खुर्चीवर चढून त्या डब्याला टॉवेलनं वारा घालत होता, हा सगळ्या खिडक्या उघडत होता, आणि बाहेरच्या गारठ्यानं चकल्या कढईतच मऊ पडत होत्या.

रात्री फोनवर याचा गळा भरून आला. “आजी, घरापासून लांब दिवाळी म्हणजे काय असतं, तुला नाही कळायचं.”

हे त्यानं बोलायला नको होतं. ती आजी आणि तिचा मालक, दोघं वीस वर्षं ऊसतोडीला गेलेले. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत आणि गाडी कारखान्याच्या वाटेला. म्हातारी म्हणाली, “तुझ्या बापाच्या पहिल्या धा दिवाळ्या कोपीत झाल्या. पाचटाची कोपी. दिवा लावला की एकानं रातभर जागं बसायचं, न्हाई तर समदी वस्ती पेटायची. तुला तर डबाच वरडून सांगतोय.” मग तिनं कामाचं विचारलं. “मुकादम कोन हाय रं तुझा?”

“मुकादम नसतो आजी. प्रोफेसर असतो.”

“उचल किती दिली त्यानं?”

याला खरं सांगावं लागलं. उचल मिळत नाही. उलट तो गेला तेव्हाच्या नियमानं व्हिसासाठी आपणच आधी ११,२०८ युरो, म्हणजे दहा लाखांच्या घरातली रक्कम, एका खात्यात अडकवून ठेवायची होती, आणि मग आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९३४ युरोंनी परत मिळणार होते. आजी जरा वेळ गप्प बसली. “म्हंजे उचल बी आपनच द्यायची, आन् कोयता बी आपनच व्हायचं?” वर पुस्ती जोडली, “आन् त्यो बी अर्धाच.” ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, भाच्याचं लग्न व्हायचंय. परदेशी शिक्षणाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या एजंटाच्या पत्रकात वाचलेलं नाही.

तर तो फोटो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हा पेढ्यांसाठी दूध आणायला बाहेर पडला. सगळी दुकानं बंद. रस्त्यात चिटपाखरू नाही, वर भुरभुर पाऊस. बसच्या खिडकीतून त्याला एका भिंतीपलीकडं शेकडो लाल दिवे मिणमिणताना दिसले. पोराचा ऊर भरून आला. त्यानं फोटो काढला, थोडा हलला, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला: “इथंही दिवे!” ताईनं तो भजनी मंडळाला पाठवला. भजनी मंडळातून तो भाऊजींच्या शाळेच्या ग्रुपवर गेला, तिथून थेट बीडला. मध्यरात्रीच्या आत एका सद्गृहस्थानं त्यावर ‘आपल्या संस्कृतीचा युरोपात डंका’ असं लिहून तो मलाच परत पाठवला होता.

मध्यरात्रीनंतर याचा मला एकट्याला फोन. आवाज पार उतरलेला. “मामा, लातूरवाल्यानं आत्ता सांगितलं. आज इथं त्यांची सर्वपित्रीसारखी सुट्टी असते. लोकं मेलेल्यांच्या थडग्यांवर दिवे लावतात. ते कब्रस्तान होतं. आता काय करू?”

मी म्हणालो, “काही करू नको. झोप.”

तो फोटो ताईच्या मोबाईलवर अजून वॉलपेपर आहे. तुम्ही कधी योगेश्वरीच्या दर्शनाला आलात तर ताई तुम्हाला घरी नेईल, चहा देईल आणि तो दाखवेल. “किती सुंदर!” म्हणा, आणि चहा प्या.