केबीकाका

जेसल पार्कातल्या बहुतेक सोसायट्यांत पाण्याच्या टाकीची काळजी वाहणारे एक गृहस्थ असतात. आमच्याकडचे काका फोटोंच्या वजनाची काळजी वाहतात. बँकेत जन्मभर दुसऱ्यांची पै न पै जुळवली, आता दुसऱ्यांच्या फोटोंतले केबी मोजतात.

तळमजल्यावरच्या वहिनींनी फराळाची वेबसाइट काढली. हातातला पेढा तोंडात टाकण्याआधी काकांनी विचारलं, "चकली किती एमबीची?" सहा! काका मटकन बसले. "वहिनी, फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि पानावर जागा ८०० ची. विरार लोकलमधल्या गिऱ्हाइकाने मीरा रोडला उघडलेली चकली नायगाव आलं तरी अर्धीच दिसेल."

मग लॅपटॉप उघडला. काकांचं दैवत स्क्वूश, फोटो बारीक करणारं ॲप. गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये काढलेलं, फुकट. (फुकट हा शब्द काका दोनदा उच्चारतात.) आधी रुंदी ८००, मग दर्जा ७५, शेवटी वेबपी हा फाइलचा प्रकार. चकली शंभर केबीच्या आत. शिवाय फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये. हे पटवायला काका भर सभेत वायफाय बंद करतात. "बघा, इंटरनेट नाही, तरी चकली आकसतेय!" तेवढ्यात आतून सूनबाई बाहेर येतात. त्यांची ऑफिसची मीटिंगही आकसलेली असते.

पडद्याच्या मधोमध एक सरकती रेघ असते : एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला बारीक केलेला. ती रेघ इकडेतिकडे सरकवत काका लिफ्टमध्ये परीक्षा घेतात, "ओळखा, मूळ कुठला?" सगळे "डावा" म्हणतात. पास होतात आणि आपल्या मजल्यावर उतरतात.

फोटो आकसवणाऱ्या जेपेग पद्धतीमागचं गणित नासिर अहमद यांचं, १९७४ च्या शोधनिबंधातलं. आणि अहमद जन्माने बंगळुरूचे, हे सांगताना काकांची छाती फुगते. डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती खुशाल कमी करायची. काकूंना हे तत्त्व मान्य नाही. चौपाटीवर, खाडीच्या काठी काढलेला त्यांचा पैठणीतला फोटो काकांनी हट्टाने दर्जा ८ वर नेला. पदरावरचे मोर गेले आणि मागच्या संध्याकाळच्या आकाशात चौकोन उमटले. ते आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे कसे पडतात, हे काका समजावू लागले. काकू म्हणाल्या, "आभाळाला लाद्या बसवल्यात. आता मोरीही करून घ्या."

एवढं करून काकांचा स्वतःचा लॅपटॉप कायम तुडुंब. कारण बँकेतला माणूस मूळ कागद फाडत नाही. सहा एमबीची चकली आहेच. वर चकली७५, चकली७०, चकली६८ वहिनींना दाखवलेली, चकली शेवटची, चकली खरंच शेवटची. गेल्या आठवड्यात काकांनी दोन टीबीची नवी डिस्क आणली. तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. अवघा चाळीस केबीचा!