माजी भिडू

माजी भिडू म्हणजे लहानपणी जे खेळ खेळला, त्यांच्याविषयी बोलण्यात उरलेली हयात घालवणारा गृहस्थ. वय साधारण पन्नाशीच्या पुढे, प्रकृती बेताची, एक तरी गुडघा कुरकुरणारा. बोलण्यात त्याने जे प्रावीण्य मिळवलेले असते, ते मूळ खेळात होतेच असे नाही. अनेक माजी भिडू त्या काळी लिंबूटिंबू होते, म्हणजे त्यांना खेळायला घेत, पण त्यांच्यावर राज्य येऊ देत नसत, ही माहिती त्यांच्या थोरल्या भावंडांकडून मिळते. थोरले भावंड बैठकीत हजर असले तर माजी भिडू खेळांचा विषय काढत नाही, आंब्यांवर बोलतो.

तो सर्वत्र आढळतो. तरी पंगत बसण्यापूर्वीचे मंगल कार्यालय, सोसायटीच्या फाटकाजवळचा बाक आणि रेल्वेचा लांबचा प्रवास या त्याच्या विशेष आवडीच्या जागा. लक्षणे सर्वांत लवकर उमटतात ती मात्र जेवताना मोबाइल पाहणाऱ्या मुलासमोर. ‘‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’’ हे पहिले वाक्य. त्यापाठोपाठ विटीदांडू, गोट्या, भोवरा, लगोरी, सूरपारंबी, डबा ऐसपैस ही नामावळी क्रम न मोडता एका दमात येते. मूल आ वासून त्याच्याकडे बघते, आणि आई ‘‘हो ना’’ म्हणत त्याच संधीत वरणभाताचा घास आत सारते. मुलाला जेवू घालण्याच्या कामी मोबाइल आणि माजी भिडू यांचा उपयोग जवळपास सारखाच आहे.

नामावळीत पहिला मान विटीदांडूचा. साहित्य काय, तर लाकडाचे दोन तुकडे: हातात धरायचा दांडू आणि दोन्ही टोकांना निमुळती केलेली विटी. जमिनीत लांबट खळगा करायचा, त्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने कोलायची. समोरच्याने वरच्यावर झेलली तर बाद. इथपर्यंत महाराष्ट्रात एकमत आहे. पुढे अंतर मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी सुरू होते, आणि नालपर्यंतही एकमत कसेबसे टिकते. त्यानंतर मात्र प्रत्येक गावाची, कित्येकदा प्रत्येक आळीची तऱ्हा निराळी. दोन जिल्ह्यांतले दोन माजी भिडू समोरासमोर आले, की नालच्या पुढच्या शब्दावरून त्यांचे हमखास फाटते. एकाचे म्हणणे, डोळ्याची पाळी आली की विटी मिटलेल्या डोळ्यावर ठेवून उडवायची. दुसऱ्याच्या मते ही शुद्ध थाप. मग पहिला खुर्चीतून उठतो, चष्मा काढतो, मान मागे टाकतो आणि डोळ्यावर चमचा ठेवून प्रात्यक्षिक दाखवू लागतो. अशा वेळी मठ्ठ्याचे भांडे हातात घेतलेला वाढपी जागीच थबकलेला दिसतो. एवढ्यात कोणी गोवेकर बोलला, की आमच्याकडे याला कोयंडो-बाल म्हणतात, तर हे दोघे तत्काळ एकी करून त्याच्यावर घसरतात.

या भांडणात माजी भिडूचा सगळा स्वभाव आला. गल्लीतल्या खेळांना छापील नियम नव्हते. राज्य कोणावर, रेष कुठे, चेंडू पायाला लागला की नुसता घासून गेला, ‘टाइमप्लीज’ म्हणताना मूठ तोंडाशी नेली होती की नाही, हे सारे जागच्या जागी भांडून ठरवावे लागे. निम्म्याहून अधिक संध्याकाळ त्यातच जाई. तिथे कमावलेला आवाज पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या मुद्द्यावर उपयोगी पडला, ही गोष्ट वेगळी. माजी भिडूला स्वतःला सांगता येत नाही, पण त्याला चुटपुट लागलेली असते ती विटीची नव्हे, बरोबरीने भांडणाऱ्याची. कचेरीत साहेबाशी भांडता येत नाही. घरी भांडून उपयोग नसतो. ‘रडीचा डाव’ म्हणून सकाळी कट्टी घ्यावी आणि दुपारी कैरीच्या फोडीवर बट्टी व्हावी, असा माणूस पन्नाशीनंतर मिळत नाही.

त्याच्या आठवणीत बाराही महिने मे महिन्याचीच सुट्टी असते. शाळा, छडी, चाचणी परीक्षा, गोवर-कांजिण्या यांना तिथे जागा नाही. आठवणीतल्या डावात तो कधी बाद होत नाही. ‘‘एक पैसा लागत नसे, गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता,’’ हेही तो सांगतो. वस्तुस्थिती अशी, की गल्ली क्रिकेटचा पहिला, लेखी न झालेला कायदा ‘ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग’ हा होता. बॅटवाल्याला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत करणे म्हणजे बॅटीसह खेळ घरी पाठवणे, हे प्रत्येक गोलंदाजाला ठाऊक असे. म्हणून तो चेंडू ‘ट्रायल’ ठरवला जाई. भांडवलशाहीवर पुढे बरेच ग्रंथ वाचूनही काहींना एवढे स्पष्ट कळले नसेल.

गोट्यांच्या बाबतीत साक्ष अधिक संशयास्पद होते. प्रत्येकाने बरणीभर गोट्या जिंकलेल्या असतात. त्या हरल्या कोणी, याचा शोध अजून लागलेला नाही. शिवाय प्रत्येकापाशी गोटी सोड्याच्या बाटलीतली एक गोटी असतेच. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात काढलेल्या या बाटलीत वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि तेच तिचे बूच. बाटलीची मान मुद्दाम आवळलेली असल्याने ती गोटी बाटली फोडल्याखेरीज हाती येत नाही. मग बाटली कोणी फोडली? ‘‘फुटलेलीच होती,’’ असे उत्तर सर्व जिल्ह्यांतून एकसारखे मिळते.

हा विकार नवा नाही. घराच्या ओढीने झुरणे हा एक आजार आहे, असा प्रबंध योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे लिहिला आणि रुग्णाला घरी धाडावे असा उपाय सुचवला. माजी भिडूवर हा उपाय चालत नाही. त्याला मूळ गावी नेले आणि मैदानावर व्यापारी संकुल उभे दिसले, तर दुखणे बळावते. मैदान जागेवर असले, तर ‘‘एवढंसंच होतं?’’ म्हणून तो दिवसभर खट्टू राहतो आणि परतीच्या वाटेवर गावाने मैदान लहान केल्याचा संशय व्यक्त करतो.

‘मातीतले खेळ संपले’ हे त्याचे लाडके विधान असून पुरावा त्याच्या आसपास फिरकू नये, याची तो काळजी घेतो. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, हे तो अभिमानाने सांगतो. २०१४पासून प्रो कबड्डी टीव्हीवर चालते, हे मात्र धरत नाही, कारण ती मॅटवर होते. ज्यात गुडघे फुटत नाहीत तो त्याच्या लेखी खेळच नव्हे. जानेवारी २०२५मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. अंतिम सामने रविवारी होते. त्या संध्याकाळीही बाकावर ‘खो-खो आता कोण खेळतंय’ हाच विषय चालू असणार, यात शंका नको. जिवंत खेळाचा माजी भिडूला उपयोग नसतो. तो बघावा लागतो, त्याचे बदललेले नियम समजून घ्यावे लागतात, आणि मुख्य म्हणजे त्यात आपल्या बाजूला हरताही येते.

खेळण्यांची कथा थोडी हळवी आहे. काडेपेट्यांना दोरा ओवून केलेला फोन, करवंट्यांची तागडी, काठीने पळवायचा सायकलचा जुना टायर, दाबली की टिकटिक करणारी पत्र्याची बेडकी, बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लास्टिकचे इवले प्राणी, यांतले काहीही शिल्लक राहिलेले नसते. बहुतेकांचा निकाल त्याने स्वतःच लावलेला असतो, आत काय आहे हे पाहण्याच्या नादात. आता हातात पैसा असतो. तेव्हा सावंतवाडीला गेल्यावर चितारआळीतून लाखेच्या रंगाचा लाकडी भोवरा येतो आणि पुण्याच्या तुळशीबागेतून पितळी भातुकली. बंब, जाते, सोऱ्या, चूल, सगळे बोटभर. ही खरेदी थेट दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाते. नातीने कपाटाला हात लावला, की आतून आवाज येतो, ‘‘ठेव ते! खेळायचं नाहीये.’’

स्त्रियांमध्ये हा नमुना तुलनेने विरळ आहे, आणि जिथे आढळतो तिथे त्याची स्मरणशक्ती अधिक प्रामाणिक असते. तिला सागरगोटे, काचापाणी, ठिकरी आठवते. पण दिवेलागणीला भाऊ बाहेर खेळत असताना आपल्याला आत बोलावले जाई, हेही आठवते. धाकटे भावंड कडेवर घेऊन लगोरी खेळावी लागे, आणि चेंडू भावंडाला लागला तर बाद कोण, हा वाद तिच्या पिढीत अनिर्णित राहिला. शिवाय तिने खेळणे थांबवलेले नाही. श्रावण आला की पन्नाशी-साठीच्या बायका नऊवारी नेसून मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या बाया घालतात. त्यांचे गट असतात, आधी तालमी होतात, बाहेरच्या सुपाऱ्याही घेतल्या जातात. नवरा कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेजाऱ्याला भोवऱ्याविषयी सांगत असतो. तिला ‘माजी’ म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

अलीकडे माजी भिडू होण्याचे वय झपाट्याने खाली येत आहे. पन्नाशीचा गृहस्थ ज्या बेब्लेडला ‘चिनी प्लास्टिकचा कचरा’ म्हणून नावे ठेवतो, ते मुळात बेगोमा या जुन्या जपानी भोवऱ्यावरून बेतलेले, म्हणजे त्याच्याच भोवऱ्याचे चुलत भावंड. त्याहून अवघड गोष्ट अशी, की त्याचा तिशीला टेकलेला पुतण्या त्याच बेब्लेडच्या आठवणीने व्याकूळ होतो. कार्टून नेटवर्क, डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते आणि व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये मारलेली फुंकर, ही त्याची नामावळी. तिच्याखालची पायरीही आता तयार आहे. सप्टेंबर २०२०मध्ये बंदी येण्याआधीचा पब्जी हा ‘खरा’ पब्जी होता आणि ‘तेव्हाच्या दोस्तीत जी मजा होती ती आता नाही’, असे उसासे महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ऐकू येतात. उसासा टाकणाऱ्याला मिसरूड नुकतीच फुटलेली असते.

परदेशस्थ उपजातीची वेगळी नोंद घ्यायचे कारण नाही. फरक इतकाच, की तिच्या सामानात भोवरा असतो आणि त्याची आर, म्हणजे खालचा लोखंडी खिळा, विमानतळावरच्या तपासणीत समजावून सांगावी लागते.

क्वचित, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, माजी भिडू बोलणे थांबवून कृतीवर येतो. विटीदांडूला सोसायटीची समिती मोटारींच्या काचांकडे बोट दाखवून नकार देते, म्हणून कपाटातला भोवरा पार्किंगमध्ये उतरतो. पाच-सहा मुले जमवली जातात. भोवऱ्याभोवती जाळी, म्हणजे त्याची दोरी, गुंडाळण्याचे काम अत्यंत गंभीरपणे चालते: आरीपासून वर, वेढ्याला वेढा चिकटवून, टोकाची गाठ बोटांच्या बेचक्यात. हात मागे जातो, झटका बसतो आणि भोवरा कुशीवर पडून घरंगळतो. जाळी नायलॉनची आहे. दुसऱ्यांदाही तेच. फरशी गुळगुळीत आहे, माती हवी. तिसऱ्यांदा भोवरा एका मोटारीखाली जातो आणि तो काढायला वॉचमनला बोलवावे लागते.

तेवढ्यात तिसरीत शिकणारी एक मुलगी जाळी मागून घेते. तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिलेले असते. तिचा भोवरा पहिल्यांदा पडतो, दुसऱ्यांदा उभा राहतो आणि फिरत फिरत खांबापर्यंत जातो.

‘‘धरत नाही,’’ माजी भिडू म्हणतो. ‘‘रेषेबाहेर गेला.’’

‘‘आजोबा, रेष कुठेय?’’

‘‘असते. धरायची असते.’’

‘‘मग आधी सांगायचं ना!’’

खडू मागवला जातो. रेष खांबाच्या अलीकडून काढायची की पलीकडून, यावर दोन पक्ष पडतात. मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि तुम्ही चीटिंग करता असे स्पष्ट सांगते. माजी भिडू ‘‘रडीचा डाव खडी!’’ असे इतक्या मोठ्याने ओरडतो, की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडतात. पार्किंगमधले दिवे लागतात. तिसऱ्या मजल्यावरून बायकोची हाक येते, की पानं वाढली आहेत, आणि खालून उत्तर जाते, ‘‘तुम्ही बसा. हिच्याशी एकदाचं काय ते मिटू दे, मग येतो.’’