सॉसेजचा वार कोणता?

आमच्या वसईत मांसाला वार असतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय संकष्टी, एकादशी आणि घरातल्या कुणीतरी कुणासाठी तरी बोललेला नवस. या सगळ्यांना नमस्कार करून जे बुधवार, शुक्रवार, रविवार उरतात, त्यांत माणूस हात मारून घेतो. कुंपणापलीकडे ख्रिस्ती शेजार आहे. तिथे प्रायश्चित्तकाळात नेमका शुक्रवारच जातो. त्यांच्या धर्मशास्त्रात तर वयसुद्धा लिहून ठेवलंय. मांस वर्ज्य चौदा पूर्ण झाल्यापासून, आणि उपवास अठरा ते एकोणसाठ. साठीत पाऊल टाकलेला माणूस उपवासातून सुटतो, पण शुक्रवारचं मांस काही त्याला परत मिळत नाही. मासे मात्र चालतात. आता पाचूबंदरला लागलेलं ताजं पापलेट खाणं हे प्रायश्चित्त कसं, असं मी शेजारच्या आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाव विचारून ये. पैसे देताना होतं प्रायश्चित्त."

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथे वार पाळत नसावेत, कारण प्रक्रिया केलेल्या मांसाचा निकाल त्यांनी दिला तो २६ ऑक्टोबर २०१५ला, आणि त्या दिवशी सोमवार होता. दहा देशांतले २२ तज्ज्ञ बसले, आठशेवर अभ्यास चाळले, आणि मीठ लावून, आंबवून, धुरी देऊन किंवा आणखी काही करून टिकवलेलं मांस त्यांनी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे सॉसेज, हॅम, बेकन, सलामी वगैरे मंडळी. याच गटात तंबाखू आहे, दारू आहे, अ‍ॅस्बेस्टॉस आहे. मटण, डुकराचं मांस वगैरे लाल मांस पुढच्या गटात गेलं, 'बहुधा' असा शेरा घेऊन.

तेव्हापासून ही बातमी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून ताजी होऊन येते. 'सॉसेज म्हणजे सिगारेट!' ती पाठवणारे काका तळहातावर तंबाखू मळता मळता अंगठ्याने फॉरवर्ड करतात. सुपारी, पानविडा हेही त्याच पहिल्या गटात आहेत, हे त्यांना सांगायची छाती अजून घरात कुणाची झालेली नाही.

त्या गटांचा अर्थ खरं तर वेगळा आहे. पहिल्या गटात टाकलं म्हणजे पुरावा पक्का आहे, एवढंच. धोका किती मोठा, हे गट सांगत नाही. संस्थेने त्याच वेळी उद्धृत केलेले आकडे घ्या. प्रक्रिया केलेल्या मांसाचा भरपूर वापर असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू, तंबाखूमुळे सुमारे दहा लाख. दोघे एका बाकावर बसले म्हणून सारखे होत नाहीत. मग तो गाजलेला १८ टक्क्यांचा आकडा. रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक हॉटडॉग किंवा हॅमचे दोन-तीन काप खाल्ले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार, असा त्याचा अर्थ आमच्या ग्रुपवर लावला गेला आणि दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. समजा, शंभर जणांत पाच जणांना हा आजार तसाही होणार होता. रोज सॉसेज खाणाऱ्या शंभरांत ते सहाच्या आसपास होतील. सहावा माणूस खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. पण तो अठरावा नाही.

या साऱ्या हिशेबात मला महत्त्वाचा वाटतो तो शब्द 'रोज'. तज्ज्ञ 'रोज' म्हणतात आणि आपण ऐकतो 'कधीच नाही'. खुद्द संघटनेला तीन दिवसांनी खुलासा करावा लागला की, बंद करा असं आम्ही म्हटलेलं नाही, कमी करा म्हणतोय. कमी कसं करायचं, हे सांगायला मात्र त्यांच्याकडे पंचांग नव्हतं. आपल्याकडे ते भिंतीवर लटकलेलं असतं. १९७३ पासून 'कालनिर्णय' घरोघरी हेच काम करतंय. समोरच्या बाजूला संकष्टी आणि पाठीमागे पाककृती, म्हणजे निषेध आणि निमंत्रण एकाच पानावर.

टिकवलेल्या पदार्थांशी वसईचं वैर कधीच नव्हतं. उलट वाळवण हा इथला धर्मच. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, त्याची सुकेळी. ती घ्यायला निर्मळच्या जत्रेत जायचं. किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळ्याला बांबूच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून टांगलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पूर्वी नारळीपौर्णिमेपर्यंत होडी वरच असायची. पावसाळ्याआधी अगोटीची, म्हणजे साठवणीची खरेदी. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली डब्यात भरून ठेवायचे आणि पाऊस लागला की एकेक उघडायचं. गोव्यात हेच पुरुमेंत. तिथल्या चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळाही त्याच खटाटोपातून आल्या: डुकराचं मांस, मीठ, मिरची, माडाचा शिर्का, आणि मग ऊन-धूर. पोर्तुगीज १५३४ला वसईत आले आणि १७३९ला चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं. किल्ला घेतला तरी शिर्का मागे राहिला, आणि आत्यांच्या सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या आंबट रस्स्यात, तो अजून आहे. (सोरपोतेल प्रक्रिया केलेल्या मांसात धरायचं का, यावर आमचा वाद झाला होता. ताजं मांस शिजवलेलं, म्हणून नाही, असं माझं मत. पण ते तिसऱ्या दिवशी जसं लागतं तसं पहिल्या दिवशी लागत नाही, हे मान्य करावं लागलं.)

सांगायचं एवढंच की टिकाऊ पदार्थाला ऋतू होता. समुद्र बंद असताना खायचा तो. चार महिन्यांचा साठा सणासारखा चालू व्हायचा आणि सणासारखा संपायचा. मग घरात फ्रीझर आला. फ्रीझरला आषाढ कळत नाही आणि सोमवारही कळत नाही. स्टेशनाजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पूर्वी नाताळच्या आसपास सॉसेजला गर्दी व्हायची; आता एव्हरशाइन सिटीपासून नालासोपाऱ्यापर्यंत प्रत्येक किराणा दुकानात काचेच्या झाकणाखाली नगेट्स, सलामी, कॉकटेल सॉसेज बाराही महिने पडून असतात. पहाटेची विरार लोकल पकडणारी आई रात्री तेल तापवते, मुलाच्या डब्यात चार नगेट्स टाकते आणि सुटते. त्या बाईला उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. पाच वाजता उठून ताजं करणारे आणि तिला नावं ठेवणारे, अशी दोन वेगळी माणसं असतात.

तरी विचाराल तर सवय बदलायला हवी ती इथेच. वर्षातून दोनदा आत्यांकडे चोरीस-पाव खाणाऱ्याने ल्योंची बातमी वाचून घडी घालून ठेवावी. पाच दिवस डब्यात फ्रीझरमधलंच नेणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी. मांस गुलाबी ठेवायला आणि विषारी जंतू रोखायला सॉसेज-सलामीत नायट्राइट घालतात. पोटात त्यापासून जी संयुगं बनतात त्यांच्यावर शास्त्रज्ञांचा मुख्य संशय आहे. ही सवय लहानपणी लागते आणि पन्नाशीपर्यंत चालते. 'रोज' तयार होतो तो असा.

मध्यंतरी ग्रुपवर आणखी एक बाँब पडला: खारवलेली मासळीही पहिल्या गटात! काकांनी तंबाखू मळणं थांबवलं. सुक्या बोंबलावर आलं म्हणजे प्रकरण घरावर आलं. शोधाशोध केल्यावर कळलं की ती दक्षिण चीनची मासळी, मिठात घालण्याआधी किंवा घालता घालता अर्धवट आंबू दिलेली, आणि तिचा संबंध नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी. आमचे बोंबील बहुधा बिनमिठाचे, उन्हात खडखडीत वाळवलेले. पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवशी मी जरा जास्तच घेतले, सुटकेच्या आनंदात.

इशाऱ्यांनी काही होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग भीषण चित्रांनी आणि इशाऱ्याच्या मजकुराने व्यापला. देशात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ पर्यंत २८.६ झाले. चित्र, कर, बंदी, सगळ्यांचं मिळून ते श्रेय. पण झालं हे खरं. उलट २०२५च्या जुलैत केंद्रीय आरोग्य खात्याने कार्यालयांत तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सुचवलं, तर बातम्यांनी नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापून टाकला. खात्याला खुलासा करावा लागला. समोशासाठी एवढा देश एक झालेला मी क्वचित पाहिला. इशारा नक्की काय म्हणतोय हे ऐकून घेण्याआधीच आपण कढईच्या बाजूने उभे राहतो.

वाराचं तसं नसतं. दत्ताचा गुरुवार कुणी टक्क्यांत समजावून सांगितलेला नाही, तरी पाळला जातो. एकट्याने पाळायचा नसतो म्हणून पाळला जातो; सगळ्या घराचं ताट एकदम बदलतं. पळवाटा असतातच. श्रावणाच्या आदल्या दिवशी कोंबडीच्या दुकानापुढे जी रांग लागते ती पाहून कोंबडीलाही वाटावं की उद्यापासून आपल्याला सुट्टी असली तरी आज कुणाचं काही खरं नाही. केकमध्ये अंडं असतं हे शनिवारी कुणी आठवत नाही. पण महिनाभराचा जमाखर्च मांडला तर 'कमी करा' हे काम होऊन गेलेलं असतं, आणि तेही ल्योंला न विचारता.

म्हणून आमच्याकडे मी सुचवलं की सॉसेजलाही वार नेमून देऊ. घरची बैठक बसली. रविवार? रविवार मटणाचा, तिथे पाकिटातलं काही आणणं हा मटणाचा अपमान, असं एकमताने ठरलं. शुक्रवारी बाजार असतो, मासळी ताजी येते. उरला बुधवार, त्यावर आईने फार पूर्वीच कोंबडीच्या रस्स्याचा शिक्का मारलेला. शेवटी पुतण्याने पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून अर्ज केला, "आजी, यात मांस कमीच आहे. सोमवारी चालेल."

आईने चष्मा लावला. स्टार्च, सोया, स्थिरक, रंगरक्षक अशी ती यादी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली आणि पाकीट त्याच्या हातात परत दिलं.

"मग सोमवार कशाला मोडायचा याच्यासाठी?"